ट्रेलरवरच्या होडीची डोलकाठी दोघांनी उभी करणे आणि उतरवणे: हाताने की जिन पोलने?

शीड_सुकाणू विचारतात:

होडी साधारण ७ मीटरची, ट्रेलरवर नेता येणारी. डोलकाठी ॲल्युमिनियमची, ८.५ मीटर, स्प्रेडर (काठीवरचे आडवे दांडे) आणि तारांसकट वजन ३० किलोच्या आसपास. केबिनच्या छतावर बिजागरीचं बूड आहे आणि काठी मागच्या बाजूला आडवी होते. दोन्ही बाजूंना एकेक श्राउड (काठीला बाजूने धरणारी तार), सुमारे ८ मीटर उंचीवर जोडलेला. चेनप्लेट (श्राउड खाली जोडायची पट्टी) डेकवर, म्हणजे बिजागरीच्या पिनपेक्षा ४० सेंटीमीटर खाली आणि १५ सेंटीमीटर मागे. पिनपासून नाळेच्या (होडीच्या पुढच्या) टोकापर्यंत ३ मीटर. बूम (शिडाच्या खालचा आडवा दांडा) २.८ मीटरचा.

प्रश्न असे:

१. माणसं दोनच असतील तर काठी हाताने उचलावी की जिन पोल (ओढायच्या दोराला उंची देणारा तात्पुरता खांब) करून घ्यावा? बूमचाच जिन पोल चालेल का?
२. काठी अर्ध्यावर आली की श्राउड लोंबकळतात आणि काठी बाजूला झुकू पाहते. हे नेहमीचंच आहे की तारांची लांबी चुकली आहे?
३. उतरवताना फोरस्टे (काठीपासून नाळेकडे जाणारी तार) सोडल्यावर काठी नेमकी कशाच्या भरवशावर धरायची?

---

दोरकप्पी:

आधी जोर किती लागतो ते बघू, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं.

काठीचा भारमध्य पिनपासून सुमारे ४.२ मीटरवर धरला, तर काठी आडवी असताना पिनभोवती १२६ किलो-मीटर एवढा आघूर्ण (फिरवणारा जोर) येतो. आता समजा जिन पोल नाही. शेंड्याजवळ दोर बांधला आणि तो नाळेवरून ओढला. तुमच्या होडीत नाळेचं टोक पिनच्या खाली आहे, त्यामुळे काठी पूर्ण आडवी असताना हा दोर पिनच्या खालून जातो. म्हणजे ओढाल तेवढी काठी वर यायच्या ऐवजी खाली दाबली जाईल. मागे घोडी (आडव्या काठीचं टेकण) लावून काठी आधीच १५ अंश वर ठेवली तरी दोरावर ४०० किलोहून जास्त ताण येतो. एवढा ताण नाळेवरच्या साध्या क्लीटवर (दोर अडकवायच्या खुंटीवर) आणि बुडाच्या पिनवर टाकू नये.

आता २ मीटरचा जिन पोल पिनजवळ, काठीशी काटकोनात उभा करा. तोच हिशेब ८० किलोवर येतो. चौपट कप्पीसंच लावला की हातावर २० किलो, घर्षण धरून २५. हे एक माणूस आरामात ओढतो. काठी वर येते तसा हा ताण कमीच होत जातो.

लांब पोल घेतला तर जोर आणखी कमी लागेल, पण तिथे एक मेख आहे. काठी उभी झाली की पोल नाळेच्या दिशेने आडवा पडतो. २ मीटरचा पोल असेल तर त्याचं टोक आणि नाळ यांच्यात एक मीटरच्या थोडं वर अंतर उरतं. पिनवरच बसवलेला पोल २.७ मीटरचा केलात तर उरतो जेमतेम अर्धा मीटर. दोन्ही कप्प्या, त्यांचे शॅकल आणि गाठी मिळून तेवढी जागा आरामात खातात. मग काठी सरळ व्हायला अजून ८-१० अंश बाकी असतानाच कप्प्या एकमेकींना भिडतात आणि काठी तशीच लटकून राहते. म्हणून पोल नाळेपर्यंतच्या अंतराच्या दोन तृतीयांश ठेवावा.

दोर: ८ किंवा १० मिलिमीटरचा पॉलिस्टर. नायलॉन नको. तो ताणला जातो, काठी खालीवर झोके घेते आणि थांबवली तरी हळूच सरकते. लांबी अशी: सुरुवातीला पोलच्या टोकापासून नाळेपर्यंत ३.८ मीटर, गुणिले ४, अधिक हातात धरायला ४-५ मीटर. म्हणजे २० मीटर घ्या. पोलच्या टोकापासून काठीपर्यंत जिबचं हॅलयार्ड (पुढचं शीड वर चढवायचा दोर) चालतं, पण ते काठीवरच्या क्लीटला नीट गुंडाळून वर दोन अर्धगाठी मारा. हे हॅलयार्ड सुटलं तर बाकीची सगळी बांधाबांध फुकट.

बूम वापरता येतो. गूजनेक (बूम काठीला जोडणारा सांधा) पिनपासून वर असल्यामुळे २.८ मीटरचा बूमसुद्धा कप्प्यांना पुरेशी जागा ठेवील. अडचण वेगळीच आहे. गूजनेक बाजूला फिरण्यासाठीच बनवलेला असतो. भार आला आणि बूम एका बाजूला गेला की तो परत मध्यावर येत नाही, उलट आणखी दूर जातो आणि काठीलाही घेऊन जातो. बूम वापरायचा तर त्याच्या टोकापासून दोन्ही बाजूंना तणावे हवेतच, आणि ते पिनच्या रेषेत बांधलेले हवेत. व्हँग (बूम खाली ओढून धरणारा कप्पीसंच) आधी काढून ठेवा. माझं मत विचाराल तर ५० मिलिमीटर व्यासाचा ॲल्युमिनियमचा वेगळा पाइप बरा. एका टोकाला काठीवर बसेल असा अर्धगोल खाचा, दुसऱ्या टोकाला आरपार आयबोल्ट. त्यालाही बाजूचे तणावे लागतातच.

---

लाटेपलीकडे:

३० किलोच्या काठीसाठी एवढा सरंजाम कशाला? एक जण कॉकपिटमधून उचलत पुढे येतो, दुसरा नाळेवरून फोरस्टे ओढतो. तिसरा असेल तर खालून ढकलतो. पाच मिनिटांचं काम.

---

दोरकप्पी:

काम पाच मिनिटांचंच आहे, पण जोर कुठे लागतो ते बघा. हात डोक्यावर धरून चालत काठी उभी करताना सगळ्यात जड क्षण सुरुवातीला येत नाही, ४५ अंशांवर येतो. छतावर उभं राहून हात पिनपासून १.९ मीटर उंच पोचत असतील तर त्या क्षणी ३३ किलो लागतात. तेच कॉकपिटच्या तळावर, म्हणजे पिनपेक्षा ८० सेंटीमीटर खाली उभे असाल, तर ५७ किलो. आणि बहुतेक होड्यांत ४५ अंशांच्या आसपासच माणूस कॉकपिटमधून छतावर पाय टाकत असतो. एक पाय हवेत, हात वर, काठी सर्वांत जड आणि श्राउड ढिले. तिथे पाय घसरला तर फोरस्टे ओढणाऱ्याच्या हातून काहीच अडवलं जात नाही, कारण त्याची ओढ त्या कोनात फारशी लागूच पडत नाही.

५-६ मीटरच्या होडीला १०-१२ किलोची काठी असेल तर हाताने उचला, माझी हरकत नाही. २० किलोच्या वर जिन पोलच.

---

तणावा_आणि_गाठ:

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. तारांची लांबी बरोबर आहे, भूमितीच तशी आहे.

श्राउडचं खालचं टोक पिनच्या नेमक्या रेषेत असेल तरच काठी फिरताना श्राउडची लांबी तेवढीच राहते. तुमच्या चेनप्लेट खाली आणि मागे आहेत. मापं घालून पाहिलं, श्राउड ८ मीटरवर आणि चेनप्लेट मध्यरेषेपासून १.१ मीटरवर धरून: काठी ४५ अंशांवर असताना प्रत्येक श्राउड २० सेंटीमीटर ढिला आणि आडवी असताना ५० सेंटीमीटरहून जास्त. म्हणजे प्रवासाच्या मधल्या टप्प्यात काठीला बाजूचा आधार फक्त बुडातल्या पिनचा. ८.५ मीटरच्या दांड्याने तो पिन आणि त्याची पट्टी पिळवटून काढायला फार जोर लागत नाही. छताच्या फायबरमधून बुडाचे स्क्रू उपटून येतात ते यामुळेच.

चेनप्लेट पिनच्या पुढे असतील तर उलटं होतं. काठी मागे जाताना तार घट्ट होत जाते आणि काही वेळाने काठीला आणखी मागे जाऊच देत नाही. ज्यांच्या होडीला पुढचे खालचे श्राउड आहेत त्यांनी ते आधी सोडलेच पाहिजेत.

उपाय म्हणजे बाजूचे तात्पुरते तणावे. काठीवर पिनपासून २.५ मीटर उंचीवर, स्प्रेडरच्या खाली, दोन्ही बाजूंना पॅडआय (दोर बांधायची पक्की कडी). खाली केबिनच्या छताच्या कडेला, पिन दोन्हीकडे वाढवली तर जिथे बाहेर येईल नेमक्या त्या रेषेत आणि त्याच उंचीवर, एकेक आयबोल्ट. आतून किमान ६ मिलिमीटर जाडीची आधारपट्टी. त्या दोघांमध्ये ५ मिलिमीटरचा डायनीमा दोर. हे तणावे उभ्यापासून आडव्यापर्यंत सारखेच ताठ राहतात. तणावा आणि काठी यांच्यातला कोन १२-१५ अंश तरी मिळावा. छताची कडा मध्यरेषेपासून ७० सेंटीमीटरवर असेल तर २.५ मीटर उंचीला तो मिळतो.

छताला भोक पाडायचं नसेल तर डेकवरच्या पुढच्या आणि मागच्या भक्कम जागांवरून दोन दोर घेऊन त्यांच्या टोकाला कडी, आणि ती कडी पिनच्या रेषेत येईल अशी लांबी. हे चालतं, पण काठी शेवटच्या २०-२५ अंशांत आली की ओढ मागच्या दिशेने जाते, कडी थोडी खाली बसते आणि तणावा ढिला पडतो. त्या टप्प्यासाठी मागची घोडी रुंद तोंडाची, इंग्रजी व्हीसारखी आणि उंच असू द्या. कठड्याच्या नळ्यांना तणावे बांधू नका. त्या आतल्या ओढीने वाकतात.

ट्रेलर सपाट जमिनीवर आहे ना, तेही बघा. होडी एका बाजूला ५ अंश कललेली असेल तर काठीचा शेंडा मध्यापासून सुमारे ७५ सेंटीमीटर बाहेर जातो. मागून चढायच्या आधी ट्रेलर गाडीला जोडलेला, चाकांखाली ठोकळे आणि होडीच्या मागच्या टोकाखाली जॅक. हे नसेल तर दोघे जण मागे उभे राहिले की ट्रेलरचं पुढचं टोक उचललं जातं.

---

दीपस्तंभ_७:

कोणीच लिहिलं नाही म्हणून: वर बघा. विजेच्या तारा. कप्प्या आणि पिनांपेक्षा या तारांनी जास्त जीव घेतले आहेत. ॲल्युमिनियम वीज वाहतं, कार्बन फायबरही वाहतं, आणि जास्त दाबाच्या तारेला प्रत्यक्ष स्पर्श व्हावाच लागतो असं नाही, जवळ गेलं तरी ठिणगी झेपावते. काठी कोणत्याही बाजूला पडली तरी तारेपर्यंत पोचणार नाही एवढं अंतर हवं. म्हणजे काठीच्या लांबीहून निदान काही मीटर जास्त. काठी उभी करायची जागा मोकळी असते, पण तिथून पाण्याच्या उतारापर्यंत ट्रेलर ओढत नेताना वाटेत तार आडवी येते. तेवढी वाट आधी पायी चालून पाहा.

तारेला लागलीच तर होडीवर असलेल्यांनी होडीवरच थांबावं, जमिनीवरच्यांनी लांब जावं आणि वीज बंद होईपर्यंत कोणी काहीही शिवू नये. आग लागल्यामुळे उतरावंच लागलं तर होडी आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श न करता, दोन्ही पाय जुळवून उडी मारायची आणि पाय घासत दूर जायचं.

---

शीड_सुकाणू:

सविस्तर उत्तरांबद्दल आभार. आयबोल्टचं पटलं. आणखी एक: टर्नबकल (तारेच्या खालचे, तार ताणायचे आटेवाले जोड) पूर्ण सोडून ठेवायचे की नुसते ढिले? आणि फोरस्टेवर रोलर फर्लर (पुढचं शीड गुंडाळायची यंत्रणा) आहे, त्याचं काय करायचं?

---

दोरकप्पी:

तुमच्या भूमितीत श्राउड जोडलेलेच राहू द्या. फक्त प्रत्येक टर्नबकल सात-आठ आटे ढिला करा. किती आटे सोडले ते मोजून टेपवर लिहून तिथेच चिकटवा, म्हणजे परत ताणताना काठी एका बाजूला झुकणार नाही. आटे निम्म्याहून जास्त उघडे टाकू नका.

सगळ्यात जास्त वेळा मोडणारा भाग हाच टर्नबकल आहे. काठी आडवी असताना ढिली तार डेकवर पडते आणि टर्नबकल चेनप्लेटजवळ आडवा लोळतो. काठी वर येऊ लागते, तार ताणली जाते आणि टर्नबकल सरळ उभा व्हायच्या ऐवजी चेनप्लेटच्या कडेला अडकून आडवाच ओढला जातो. स्टड वाकतो. वाकलेला स्टड हातोडीने सरळ करून वापरू नका, आट्याच्या खाचेत चीर गेलेली असते आणि ती दिसत नाही. टर्नबकलखाली टॉगल असेल तर तो दोन्ही दिशांना वळतो आणि धोका बराच कमी होतो. नसेल तर बसवून घ्या. शिवाय टर्नबकल उभा राहावा म्हणून प्लास्टिक पाइपचा ३० सेंटीमीटरचा तुकडा टर्नबकल आणि चेनप्लेट दोन्ही झाकेल असा वरून चढवता येतो. हा पाइप काठी उतरवण्यापूर्वीच खाली सरकवायचा.

म्हणून कामाची वाटणी अशी: एक जण दोर ओढतो आणि नजर दोरावर ठेवतो. दुसरा काठीला हातसुद्धा लावत नाही. त्याचं काम फक्त बघणं. डावा टर्नबकल, उजवा टर्नबकल, स्प्रेडरची टोकं, खिडकीची चौकट, क्लीट, ट्रेलरचा दिवा. तारा या सगळ्यात अडकतात. तो ‘थांब’ म्हणाला की ओढणारा थांबतो आणि दोर क्लीटला देतो. ओढ अचानक वाढली तर जोर लावायचा नाही, आधी अडकलेलं शोधायचं. चौपट कप्पीने २५ किलोच्या जागी ५० लावलेत तर तार तिकडे कितीतरी जास्त ताण सोसते.

फर्लरची फॉइल (शीड जिच्यावर गुंडाळलं जातं ती लांब नळी) वाकली की सरळ होत नाही. उभं करताना फर्लर काठीलाच, शेंड्यापासून बुडापर्यंत तीन-चार ठिकाणी बांधून ठेवा आणि ड्रम खाली लोंबू देऊ नका. काठी उभी झाली की कप्पीसंच ताणलेलाच ठेवायचा, जिन पोलवरची ओढच तात्पुरता फोरस्टे असते. मग फर्लर मोकळा करून ड्रम नाळेच्या पट्टीला जोडायचा, क्लेव्हिस पिन घालायची, स्प्लिट पिन वाकवायची आणि नंतरच कप्पीसंच सोडायचा. पिन भोकात शिरत नसेल तर कप्पी थोडी आणखी ओढा. हातोडीने ठोकू नका.

---

तणावा_आणि_गाठ:

उतरवण्याबद्दल, म्हणजे तिसरा प्रश्न. उभं करण्यापेक्षा हे जास्त फसवं, कारण भार उलट क्रमाने येतो.

उभ्या काठीला जवळपास वजनच नसतं. फोरस्टे सोडला तरी ती स्वतःहून मागे येत नाही, ढकलावी लागते. त्यामुळे ‘हलकीच तर आहे’ असं वाटून दोर नुसता हातात धरला जातो. ३० अंश कलली की पूर्ण आघूर्णाच्या निम्मा भार येतो, ६० अंशांवर जवळजवळ ८७ टक्के. म्हणजे वेग धरल्यानंतर भार वाढतो. त्या क्षणी हातातून दोर सुटतो, नाहीतर तळहात भाजतो.

क्रम असा ठेवा. शीड, बूम आणि व्हँग काढा. मागची घोडी आधी लावा. जिन पोल, त्याचे तणावे, काठीचे तणावे जोडा. कप्पीसंच ताणा, फोरस्टे ढिला पडलेला डोळ्यांनी बघा आणि मगच त्याची पिन काढा. बॅकस्टे (काठीपासून मागे जाणारी तार) असेल तर तो काढून दुसऱ्याने मागून ओढायला घ्यावा, पहिले ५-१० अंश त्यानेच काठी येते. कप्पीसंचाच्या कॅम क्लीटवर एकट्यावर विसंबू नका, चुकून दोर वर उचलला गेला की तो सुटतो. दोराचं टोक विंचवर तीन वेढे देऊन सोडा. विंच नसेल तर साध्या क्लीटला एक पूर्ण वेढा. हाताला दोर गुंडाळायचा नाही. हातमोजे हवेतच.

काठीच्या रेषेत, म्हणजे तिच्या खाली किंवा मागे, कोणी उभं राहायचं नाही. घोडीवर काठी बसवायला जाणारासुद्धा बाजूने जातो.

बुडाची खाच उघडी असेल, म्हणजे पिन वरून नुसती अडकणारी असेल, तर काठी पूर्ण आडवी झाल्यावर शेंडा घोडीच्या मागे जड होऊन बूड वर उसळू शकतं. पट्टा लावून ते खाली धरून ठेवा, मगच पिन काढा.

पाण्यावर हे काम करायचं तर बंदिस्त जागी, दोन्ही बाजूंनी दोर लावून आणि होडीवर कमीत कमी माणसं ठेवून. शेजारून यंत्रहोडी गेली की लाटेने डोलणाऱ्या होडीत काठीचा शेंडा मीटरभर बाजूला जातो. वारा अंगावर जाणवण्याइतका असेल तर नाळ वाऱ्याकडे करा; आडवा वारा असेल तर काम पुढे ढकला.

---

खोलकणा:

माझी काठी डेकमधून आत जाऊन खाली कण्यावर (होडीच्या तळाच्या मुख्य आधारावर) बसते. हीच पद्धत चालेल?

---

दोरकप्पी:

नाही. ती बिजागरीवर फिरतच नाही, सरळ वर उचलावी लागते. क्रेन लागेल. पट्टा काठीच्या भारमध्याच्या वर बसला पाहिजे, साधारण स्प्रेडरच्या खाली. भारमध्याच्या खाली बसला तर काठी हवेत उलटते. पट्टा वर सरकू नये म्हणून त्याला एक दोर बांधून तो गूजनेक किंवा काठीवरच्या विंचच्या बुडाला द्या. क्रेनने भार घ्यायच्या आधी डेकच्या गळ्यातल्या पाचरी काढा, आतून दिव्याच्या आणि अँटेनाच्या तारा सोडा, काठी डेकला बांधणारा रॉड असेल तर तो सोडा. सोडायची राहिलेली एखादी वायर बहुतेक वेळा काठी फूटभर उचलल्यावरच आठवते. श्राउड सगळ्यात शेवटी, क्रेनने वजन घेतल्यावर.

---

तणावा_आणि_गाठ:

काठी आडवी आहे तोवर दहा मिनिटं तारांना द्या. सुती कापड तारेवरून हलकेच फिरवा. कापड अडकलं तिथे एक धागा तुटलेला आहे, आणि एकही धागा तुटला असेल तर ती तार बदलायची. दाबून बसवलेल्या टोकांवर भिंगातून बघा: केसासारखी उभी चीर, तांबूस डाग, किंचित वाकलेला गळा. शेंड्यावरच्या चाकांना फिरवून पाहा, दिवा लावून पाहा. स्प्लिट पिना दरवेळी नव्या घ्या. त्यांचे पाय पूर्ण मागे दुमडू नका, १५-२० अंश उघडले की पुरे, नाहीतर पुढच्या वेळी काढताना मोडतात. वर टेप गुंडाळा, पण टर्नबकल पूर्ण झाकून टाकू नका, आत खारं पाणी साचतं.

---

शीड_सुकाणू:

पोल २ मीटर, पाइप ५० मिलिमीटर, छताला आयबोल्ट आणि टर्नबकलखाली टॉगल, एवढं आधी करून घेतो. आयबोल्ट बसवताना पिनची रेषा कशी पकडायची? छत मध्ये फुगीर आहे, पट्टी ठेवून मोजता येत नाही.

---

तणावा_आणि_गाठ:

बिजागरीची पिन काढा. तिच्याच भोकातून एक लांब सरळ दोरी ओवा आणि दोन्हीकडे छताच्या कडेपलीकडे दोन काठ्यांना ताणून बांधा. दोरी भोकाच्या मध्यातून, कुठेही न टेकता गेली की तीच रेषा. छत मध्ये फुगीर असल्यामुळे कडेला दोरी छतापासून काही सेंटीमीटर वर असेल. आयबोल्टचं डोळं तेवढं उंच यावं म्हणून खाली लाकडाचा किंवा फायबरचा ठोकळा द्या. फरक ५ मिलिमीटरच्या आत ठेवता आला तर तणावे कुठेच ढिले पडणार नाहीत. भोक पाडल्यावर फायबरच्या मधला गाभा आजूबाजूने खरवडून इपॉक्सीने भरा आणि मग परत भोक पाडा, नाहीतर बोल्टच्या बाजूने पाणी झिरपून गाभा कुजतो.